वजन उतरत होतं तेव्हा

रेहाना,

खाली लिफ्टजवळच्या फलकावर तुझा फोटो अजून तसाच आहे. गळ्यात हार, हातात नारळ, डोक्यावरून घसरलेली ओढणी आणि खाली मोठ्या अक्षरात ‘वजन घटवा स्पर्धा, प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन’. परवा सेक्रेटरी किल्ली घेऊन आले, त्यांनी काच उघडली, फोटोकडे बघत जरा वेळ उभे राहिले आणि काच पुन्हा लावून निघून गेले. त्याच फोटोच्या खाली तू गेल्याची चिठ्ठी लावली होती. ती मात्र काढून झाली. त्यामुळे आज कोणी नवा माणूस बिल्डिंगमध्ये आला तर त्याला वाटेल, चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी बक्षीस मिळवलंय आणि त्या आता घरी स्वयंपाक करत असतील.

मलाही तसंच वाटतं. लोक तुला मातीत ठेवून आले, हे मला सगळ्यांनी सांगितलंय. तुला घरातून नेताना मी तिथेच होते, तुझ्या अम्माच्या शेजारी, भिंतीला टेकून. तरी माझ्या डोक्यात ते शिरत नाही. आजारी माणूस जातं, म्हातारं माणूस जातं. तू तर बरी होत होतीस गं. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दर रविवारी काट्यावर उभी राहून, टाळ्या घेत, तू बरी होत होतीस.

आपली ओळखच मुळी धापा टाकत झाली. पनवेलजवळच्या सुकापूरला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. तेव्हा रोज तीन-चार तास वीज जायची आणि लिफ्ट बंद. मी दोन हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी चढले, तर पायरीवर एक बाई ऐसपैस बसलेली, ओढणीने वारा घेत होती. मी ‘जरा सरकता का’ म्हणाले तर तू म्हणालीस, “बसा की. इथून पुढे रस्ता वनवे आहे, दोन जाड्या बायका एकदम जात नाहीत.” मला राग यायला हवा होता. मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. वीज आली तरी आपण तिथेच बसून होतो. तू पनवेलच्या उर्दू शाळेत शिकवतेस, मी मराठी शाळेत. तुझे मिस्टर कतारला, माझे रोज पहाटे निघून संध्याकाळी परत. तुझी सना तेव्हा जेमतेम शाळेत जात होती. एवढं सगळं त्या पायरीवरच कळलं.

त्यानंतर तुझ्या घरचं सांदण माझ्याकडे आणि माझ्याकडच्या पुरणपोळ्या तुझ्याकडे, हे इतकं चालायचं की कुठलं भांडं कोणाचं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या सख्ख्या बहिणीला यायला जमलं नाही. तू शाळेतून परस्पर दवाखान्यात यायचीस, माझे केस विंचरायचीस, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईला ‘ही माझी धाकटी बहीण, जरा हट्टी आहे’ म्हणून सांगायचीस. ती बाई आपल्या दोघींची नावं ऐकून गोंधळून जायची. तुला ते फार आवडायचं. त्या दिवसांबद्दल मी तुला कधी नीट काही बोलले नाही. आभार मानले असते तर तू मला झोडपलं असतंस, म्हणून राहून गेलं. आता लिहिते आहे.

वजनाचं आपल्याला वाईट वाटायचं नाही, खरं सांगायचं तर. तू म्हणायचीस, “आमच्यात बाई भरलेली नसली तर लोक विचारतात, नवरा पैसे पाठवत नाही का?” मी म्हणायचे, आमच्याकडेही तेच, फक्त आम्ही त्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणतो. आणि आजूबाजूला तरी कोण बारीक होतं? आपण आलो तेव्हा समोर भातशेती होती, स्टेशनला जायला लोक चालत निघायचे. हळूहळू शेतं गेली, टॉवर आले, नाक्यावर रिक्षा आल्या, मग घरोघर स्कूटी. संध्याकाळी माथेरान रोडवर पावभाजीच्या आणि चायनीजच्या गाड्या ओळीने लागायला लागल्या. सगळी बिल्डिंगच रुंदावत गेली. आपण त्यात वेगळ्या कुठे होतो?

मग ती सभा झाली. महिला मंडळाने नाक्यावरच्या तरुण डॉक्टरांना बोलावलं होतं, हळदीकुंकवाच्या दिवशी, म्हणजे बायका हमखास येतील म्हणून. तू हळदीकुंकवाला दरवर्षी यायचीस, वाण घ्यायचीस आणि ‘कुंकू हिच्या कपाळाला डबल लावा’ म्हणून मला पुढे करायचीस. डॉक्टरांनी भाषण केलंच नाही. ते म्हणाले, लग्नात होतं त्यापेक्षा ज्यांचं वजन वाढलंय त्यांनी हात वर करा. हशा पिकला आणि सगळेच हात वर गेले. मग म्हणाले, ज्यांच्या घरात आज कोणाला तरी शुगर आहे त्यांनी हात वर करा. हसू जरा कमी झालं. पुष्कळ हात वर राहिले. मग म्हणाले, तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणाला शुगर होती? दोन की तीन हात.

“हे नुसतं या हॉलमध्ये नाही,” ते म्हणाले. “शहरं वाढली, बसणं वाढलं, वजनं वाढली आणि मागोमाग शुगर वाढली. ज्या वस्तीचं वजन वाढतं, तिथे शुगरचे पेशंट वाढतात. जगभर हेच दिसतं.” त्यांनी एक तक्ता लावला होता. एक रेघ वजनाची, एक शुगरची, दोन्ही वर वर जाणाऱ्या.

आणि तू हात वर केलास. शाळेतल्या हुशार मुलीसारखा.

“डॉक्टर, मग वजन उतरलं की शुगर पण उतरते ना?”

“हो,” ते म्हणाले, “जनरली.”

तो शब्द मी किती वेळा मनात उलटसुलट केलाय, रेहाना. जनरली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तू मात्र त्यातला ‘हो’ तेवढा घरी घेऊन आलीस.

डॉक्टरांनी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने, वजन जास्त असेल तर आधीच, एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. मी दुसऱ्याच आठवड्यात करून आले. शुगर काठावर आली. मी रडवेली होऊन तुझ्याकडे आले आणि म्हटलं, चल, तूही कर. तेव्हापासून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही.

“अभ्यास न करता परीक्षेला कशाला बसायचं?” तू म्हणालीस. “आत्ता केलं तर नापास होणार, हे मलाही माहीत आहे. आधी वजन उतरवते. मग बघ रिपोर्ट, फर्स्ट क्लास येतो की नाही.”

“ही काय बोर्डाची परीक्षा आहे? आहे ते कळायला नको?”

“कळून काय होणार? डॉक्टर काय सांगणार? वजन कमी करा. ते मी करतेच आहे.”

तुझ्या या बोलण्यात मला कुठे बोट ठेवता यायचं नाही. तेव्हाही आलं नाही. मी रोज हरायचे. आजसुद्धा तू समोर बसलीस तर मी हरेन असं वाटतं. फक्त आज मी तुला हाताला धरून ओढत नेईन.

स्पर्धा तुझ्याच डोक्यातून निघाली. महाराष्ट्र दिनाला बक्षीस द्यायचं, दर रविवारी सोसायटीच्या ऑफिसात वजन करायचं. काटा दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा. पहाटे आपण सगळ्या माथेरान रोडने चालायला निघायचो. तू सलवार-कमीजखाली सनाचे जुने बूट घालायचीस. समोर प्रबळगड हळूहळू उजेडात यायचा आणि तू रोज एकच विनोद करायचीस, “बघा, तो पण जागचा हलत नाही, म्हणून एवढा जाड.” पहिले दोन महिने कोणाचंच विशेष काही उतरलं नाही. तुझं तर उलट अर्धा किलो वाढलं. तू काट्याला नावं ठेवलीस.

खरी मजा तुला बक्षिसाची नव्हती, ते मला एकटीला माहीत होतं. मेच्या अखेरीला इक्बालभाई सुट्टीवर येणार होते. दोन वर्षांनी. तुला त्यांना चकित करायचं होतं. विमानतळावर ते तुला शोधत राहतील आणि तू समोर उभी राहून म्हणशील, ‘कोणाला बघताय?’ हे तू मला चालताना इतक्या वेळा करून दाखवलंस की रस्त्यावरचे लोक बघायला लागायचे. मार्चनंतर तू त्यांच्याशी कॉम्प्युटरवर बोलताना कॅमेरा लावायचं बंद केलंस. नेट स्लो आहे म्हणून सांगायचीस. सनाला ताकीद दिली होतीस, एक फोटो जरी अब्बाला पाठवलास तर याद राख.

आणि मग एप्रिलमध्ये ते सुरू झालं. एका रविवारी दीड किलो. पुढच्या रविवारी दोन. आम्ही सगळ्या ओरडलो. जोशीकाकू म्हणाल्या, “काय गं, एवढं काय करतेस? आम्हालाही सांग!” तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, “मेहनत, काकू, मेहनत.” आणि तू मेहनत करतच होतीस. भात सोडला होतास, गोड सोडलं होतंस, सगळ्यांच्या पुढे चालत होतीस. म्हणून तर कोणाला काही वाटलं नाही. कारण समोर होतं. कारण दिसत असलं की माणूस पुढे काही विचारत नाही.

तू पाणी किती प्यायचीस ते आता सगळ्या जणी एकमेकींना सांगतात. मोठी बाटली घेऊन निघायचीस आणि ती वाटेतच संपायची. पण एप्रिल होता, पनवेलचा उकाडा, कपडे अंगाला चिकटायचे, कोणाला तहान नव्हती? तू म्हणायचीस, रोज चार-चार वेळा झोपेतून बाथरूमला उठावं लागतं, वय झालं बाई आपलं. आम्ही हसायचो. डोळ्यांना अंधुक दिसतं म्हणून तू चष्म्याचा नंबर वाढवून आणलास. एकेक गोष्टीला एकेक कारण होतं. सगळी मिळून एक गोष्ट आहे, असं आम्हा शिकल्या-सवरलेल्या बायकांच्या मनात एकदाही आलं नाही. तुझ्याही नाही. तू विज्ञान शिकवायचीस, रेहाना!

एप्रिलच्या शेवटी मला घेऊन तू आपट्याला माहेरी गेलीस. अम्मा दारातच तुझं मनगट धरून उभी राहिली.

“काय गो, सुकलीस किती! जेवत नाय काय?”

“अम्मा, याला सुकणं नाही म्हणत, याला फिटनेस म्हणतात.”

“फिटनेस,” अम्मा म्हणाली, “तोंडाला बघ तुझ्या, नूर गेला.”

आणि तिने तुला ताटावर बसवून एवढं वाढलं की तू माझ्याकडे बघून डोळे मिचकावलेस. दुपारी आपण पाताळगंगेच्या काठी दगडावर पाय सोडून बसलो होतो. तू म्हणालीस, लहानपणी या नदीत उड्या मारताना मी एवढीशी होते, आता पुन्हा तेवढी होणार. मग म्हणालीस, “वैशू, खरं सांगू? दमायला होतं गं. उतरतंय ते चांगलं आहे, पण अंगात काही राहिलं नाही असं वाटतं.” मी म्हटलं, एवढं कमी खातेस, दमायला होणारच. तू ‘हं’ म्हणालीस आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारलंस. एवढंच बोलणं झालं. बक्षीस घेऊन झालं की रक्त तपासायला जायचं, हेही तिथेच ठरलं. तू स्वतःहून म्हणालीस. म्हणालीस की आता अभ्यास पूर्ण झाला.

महाराष्ट्र दिनाला तुझं नाव पुकारलं तेव्हा लहान मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. आठ किलो. माझे तीन. तू माइक हातात घेऊन म्हणालीस, “ज्यांना वाटतं आपल्याच्याने होत नाही, त्यांनी माझ्याकडे बघा.” आणि आम्ही बघत होतो. तुझी गालफडं बसली होती, गळ्याची हाडं दिसत होती, आणि आम्ही म्हणत होतो, किती छान दिसते, दहा वर्षांनी लहान झाली.

पुढच्या आठवड्यात तुला उलट्या सुरू झाल्या. आंबा बाधला म्हणून तू दोन दिवस नुसती पडून राहिलीस. दुकानातली पोटाची गोळी घेतलीस. सनाने तुला ग्लुकोजचं पाणी दिलं, अशक्तपणा आला की घरोघर देतात तसं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले होते तेव्हा तू नीट बोललीस. म्हणालीस, “आता तर अजून दोन किलो गेले असतील, पुढच्या वर्षीचं बक्षीस पण माझंच.” मी म्हटलं, सकाळी आपण डॉक्टरांकडे जातोय, आणि तू चक्क ‘बरं’ म्हणालीस. इतक्या दिवसांत तू माझं पहिल्यांदाच ऐकलंस.

सकाळी मी दार वाजवलं तर सनाने उघडलं आणि म्हणाली, “मावशी, अम्मी उठत नाहीये नीट.” तू डोळे उघडत होतीस आणि मिटत होतीस. श्वास असा मोठमोठा, जिने चढून आल्यासारखा. ओठ कोरडे, फुटलेले. जोशीकाकूंच्या मुलाने गाडी काढली. पनवेलला जाईपर्यंत तू सनाच्या मांडीवर डोकं ठेवून होतीस. मी पुढच्या सीटवरून वळून तुझा हात धरला होता. तुझी बांगडी कोपरापर्यंत वर सरकत होती.

हॉस्पिटलमध्ये नर्सने तुझ्या बोटाला सुई टोचली आणि ते छोटं यंत्र हातात धरून उभी राहिली. त्याच्यावर आकडा आलाच नाही. इंग्रजीत ‘हाय’ अशी दोन अक्षरं आली. मला वाटलं यंत्र बिघडलंय. तिने दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग ती पळत आत गेली. ते यंत्र जेवढी शुगर मोजू शकतं, तुझी त्याच्या वर होती.

डॉक्टर बाहेर आल्या. मध्यमवयीन बाई, शांत.

“शुगर कधीपासून आहे यांना?”

“नाही,” मी म्हटलं. “तिला शुगर नाही.”

“तहान, लघवी वाढली होती?”

मी सनाकडे बघितलं, सनाने माझ्याकडे. “उन्हाळा आहे ना,” सना म्हणाली.

“आणि वजन? वजन कमी होत होतं का?”

“हो,” मी म्हटलं. मला अजून माझा आवाज ऐकू येतो. त्यात जरासा अभिमान होता. “पण ते तिने मुद्दाम केलंय. आमची स्पर्धा होती. तिचा पहिला नंबर आला.”

डॉक्टरांनी हातातला पेन टोपणात घातला, पुन्हा काढला. मग म्हणाल्या, “बसा तुम्ही.” त्या एका क्षणात मला सगळं कळलं, रेहाना. कोणी समजावून सांगायच्या आधी कळलं. दर रविवार, प्रत्येक टाळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. त्यांनी खूप केलं. सलाइन, इन्सुलिन, काय काय. रक्तात आम्ल साठलं होतं, किडन्या थांबल्या होत्या, हृदय दमलं होतं. तू शुद्धीवर आलीच नाहीस. इक्बालभाईंना विमानाचं तिकीट त्या दिवशी मिळेना. त्यांनी फोनवर सांगितलं, माझ्यासाठी तिला थांबवून ठेवू नका. संध्याकाळच्या आत तुला नेलं. तुला न्हाऊ घालणाऱ्या बायकांमधली एक बाहेर येऊन अम्माला म्हणाली, “किती हलकी झाली होती पोरगी.” अम्मा तोवर रडली नव्हती.

नाक्यावरचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले. मी त्यांच्यावर अक्षरशः धावून गेले. म्हटलं, तुमचा तो तक्ता खोटा होता का? वजन उतरलं की शुगर उतरते म्हणालात, मग हे काय झालं?

“तक्ता खोटा नाही, ताई,” ते म्हणाले. “वजनामुळेच शुगर झाली असणार. त्या दिवशी त्या हॉलमध्ये बसल्या होत्या तेव्हाच कदाचित असेल, आत गुपचूप. मग ती इतकी वाढली की शरीराला खाल्लेलं वापरताच येईना. शरीर स्वतःलाच जाळून खायला लागलं. म्हणून वजन उतरलं. आधी वजनाने शुगर आणली आणि मग शुगरने वजन नेलं.” मग म्हणाले, “तक्ता गावाचा असतो. एका माणसाचं काय चाललंय ते त्यात दिसत नाही. त्याला त्या माणसाचंच रक्त बघावं लागतं. मी हे त्या दिवशी जोर देऊन सांगायला हवं होतं.”

मला त्यांचा राग पुरता धरता आला नाही. त्यांनी सांगितलं होतं की. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीने. मी ऐकलं, तू अभ्यास करत बसलीस. तुझाही राग येतो, रेहाना, फार येतो, आणि मग तो कोणावर काढायचा ते कळत नाही म्हणून मी भांडी घासत बसते.

इक्बालभाई तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचले. मी कधी त्यांच्याशी फार बोलले नव्हते, तुझ्या बोलण्यातूनच ओळखत होते. ते मला म्हणाले, “वहिनी, लोक म्हणतात ती एकदम बारीक झाली होती. मला तर कोणी काही सांगितलंच नाही.” मी त्यांना विमानतळाचा तुझा बेत सांगितला. तू कशी समोर येऊन उभी राहणार होतीस, काय म्हणणार होतीस. सांगावं की नाही, मला ठरवता येत नव्हतं, पण ते तुझंच त्यांच्यासाठी ठेवलेलं होतं, माझ्याकडे ठेवून काय करायचं होतं? ते ऐकून हसले. खरंच हसले, क्षणभर. मग म्हणाले, “मी तिला लांबूनच ओळखली असती. चालण्यावरून.” आणि उठून गॅलरीत गेले.

सनाचं मात्र कळत नव्हतं. ती रडत नव्हती. आल्या-गेल्यांना पाणी देत होती, अम्माच्या गोळ्या बघत होती. एकदा स्वयंपाकघरात माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मावशी, ग्लुकोज मी दिलं. रक्तात एवढी साखर होती आणि मी वरून साखर पाजली.” मी तिला हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं की हे दोन पेल्यांनी झालेलं नाही, महिन्याभरापासून चाललेलं होतं, तू दिलं नसतंस तरी हेच झालं असतं. तिने मान डोलावली. तिला पटलं की नाही ते मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, आईला शुगर होती, म्हणून आता तुझीही तपासणी व्हायला हवी, वयाप्रमाणे वडिलांचीही. सना एकदम उठून उभी राहिली. “मला नाही करायची.”

इक्बालभाईही म्हणाले, आत्ता तिच्यामागे लागू नका, थोडे दिवस जाऊ देत. मी थोडे दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी मी तुझ्या दारात जाऊन उभी राहिले. मी तिच्याशी वाद घातला नाही. नुसतं म्हटलं, “चप्पल घाल. मी खाली थांबते.” तुझ्यासाठी जे मला जमलं नाही ते मी तुझ्या मुलीसाठी केलं, एवढंच मला तुला सांगायचं होतं. ती पायांत चपला अडकवून आली. तोंड धुतलेलं नव्हतं, केस विंचरलेले नव्हते.

लॅबमध्ये गर्दी नव्हती. तिथल्या मुलीने सनाच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, कापसाने पुसलं, सुई आत गेली, नळीत रक्त भरलं, सुई बाहेर आली. ती मुलगी कापूस दाबून म्हणाली, “झालं. संध्याकाळी रिपोर्ट न्या.” आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सना खुर्चीवरून उठेना. कोपर दुमडून कापूस धरून बसली होती. मला वाटलं, चक्कर आली. मी खाली वाकले.

“एवढंच?” ती म्हणाली.

“झालं, बाळा. चल.”

“एवढंच असतं, मावशी? एवढंच?”

तिचा आवाज चढत गेला. बाकीचे लोक बघायला लागले. “एवढ्याशासाठी? एवढंसं तर होतं!” आणि मग ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखी, सगळ्यांसमोर. लॅबवाल्या मुलीने खुर्ची मागायला आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना हाताने थांबवलं. मी सनाला पोटाशी धरून उभी राहिले. मी ‘हो’ म्हटलं, रेहाना. हो गं, एवढंच असतं.